माशांच्या पेटीत गोगलगायी झाल्या तर…

लेखाचे नाव वाचून तुम्ही हसाल. पेरणी, फवारणी, बाजारभाव सोडून साहेबांना हे माशांच्या पेटीचे कुठले सुचले, असेही म्हणाल. पण गावोगाव फिरताना मला दिसते ते तुम्हालाही दिसत असेल. पूर्वी ओसरीवर पोपटाचा पिंजरा असे, आता पुष्कळ घरांत काचेची पेटी असते आणि तीत चार-दोन रंगीत मासे फिरत असतात. बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती गप्पी माशांपासून. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसे हे मासे हौदात सोडायला देतात. पोरे त्यातले दोन बरणीत घालून घरात आणतात. पुढे वडिलांच्या मागे लागून तालुक्याच्या बाजारातून पेटी येते, तळाला घालायला खडी येते आणि जवळच्या तलावातून पाणगवताची जुडी येते. या जुडीबरोबरच न बोलावलेला पाहुणाही घरात येतो. तो म्हणजे पाण्यातली गोगलगाय.

महिना-दीड महिना कोणाला काही कळत नाही. मग एके दिवशी काचेवर दहा-वीस ठिपके सरकताना दिसतात. आणखी महिन्याने शंभर होतात. मग घरातले मोठे माणूस विचारते, “साहेब, याला औषध कोणते?”

या प्रश्नाला मी एकदा फार वाईट उत्तर दिले होते. ती चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हा लेख.

माझी चूक

गोष्ट २०२२ सालची. त्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपे रातोरात खाऊन टाकली. किती जणांवर दुबार पेरणीची पाळी आली, ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही गावोगाव सभा घेत होतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका, फारच झाल्या तर विषारी गोळ्या वापरा, असे सांगून सांगून घसा बसला होता. उठता-बसता डोक्यात एकच, गोगलगाय दिसली की मारायची.

अशाच एका सभेनंतर लातूर जिल्ह्यातल्या एका गावी एका शेतकऱ्याच्या घरी चहाला थांबलो. ओसरीवर माशांची पेटी होती. दादा हसत म्हणाले, “साहेब, बाहेर गोगलगायीनं सोयाबीन खाल्लं, आता घरात बी आल्या की! याला काय टाकू?”

कोपऱ्यात डाळिंबाच्या खोडांसाठी आणलेल्या मोरचुदाची पिशवी होती. मोरचुदाने पाण्यातल्या गोगलगायी मरतात, एवढे मला कॉलेजपासून ठाऊक. चहाचा कप हातात धरूनच मी म्हणालो, “ते मोरचूद टाका की चिमूटभर.” किती पाण्यात, किती वजनाने, मासे कुठे ठेवून, काही म्हणजे काही सांगितले नाही. चिमूट म्हणजे काय, हेही बोललो नाही. शेतकऱ्याची चिमूट आणि औषधाच्या तराजूतली चिमूट यांत फरक असतो.

रात्री त्यांनी मोरचूद टाकले. सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आचके देत होते आणि दुपारपर्यंत सगळे उलटे तरंगले. सहावीतल्या त्यांच्या मुलीने ते एकेक काढून पेरूच्या झाडाखाली पुरले. चार दिवसांनी मी त्या बाजूला गेलो, तेव्हा ती पेटीजवळच बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, गोगलगायी तर अजून आहेत.”

मी वाकून पाहिले. पाण्याच्या वर, काचेच्या कोरड्या भागावर चार गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. पाण्यात विष आले की यातल्या कित्येक जाती सरळ पाण्याबाहेर चढून बसतात. माशाला मात्र बाहेर चढायची सोय नाही.

दादा भले माणूस. “जाऊ द्या साहेब, मासेच होते,” म्हणाले. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी ते केले होते. मी त्यांच्या शेतात उद्या फवारणी सांगणार, तेव्हा हाच विश्वास लागतो. त्या दिवशी ठरवले की या विषयाचा नीट अभ्यास करायचा आणि त्या पोरीची पेटी पुन्हा उभी करून द्यायची. पुढे लिहिले आहे ते त्यातून शिकलेले.

मोरचूद का चुकले?

आधी हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घेतली आणि वर दोन बोटे जागा सोडली, तर तीत साधारण ५० लिटर पाणी बसते. त्यात फक्त एक ग्रॅम मोरचूद टाकले, तर लिटरला २० मिलिग्रॅम झाले. मोरचुदात वजनाने चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम तांबे. पुष्कळ लहान माशांना लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतले तांबेसुद्धा जीवघेणे ठरते. आपण एक टक्का बोर्डो मिश्रण करतो, तेव्हा १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वापरतो. त्या मापाची सवय असलेल्या हाताला एक ग्रॅम म्हणजे काहीच वाटत नाही. इथेच घात होतो.

शेतातली विषारी गोळी गोगलगाय खाते तेव्हा मरते. गोळी बांधावर असते आणि पीक बाजूला असते. पेटीत टाकलेले विष सगळ्या पाण्यात विरघळते. त्याच पाण्यात मासा श्वास घेतो. गोगलगायीला वेगळे आणि माशाला वेगळे पाणी तुम्ही देऊ शकत नाही.

समजा, मासे कसेबसे वाचले, तरी दुसरे संकट उभे असते. मेलेल्या शेकडो गोगलगायी शंखातच सडतात. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तोही माशांना विषच. युरिया जास्त झाला की रोप करपते, तसेच हे. शिवाय काही तांबे तळच्या खडीत बसून राहते. म्हणून मोरचूद नको. शेतातल्या गोगलगायीच्या गोळ्या तर पेटीच्या जवळही नेऊ नका.

आल्या कोठून?

“पेटीचे झाकण बंद असते, मग या आल्या कशा?” असे पुष्कळ जण विचारतात. त्या आपोआप जन्मत नाहीत. पाणगवताच्या पानांच्या मागे त्यांची अंडी चिकटलेली असतात. भिजवलेल्या सब्जाचे बी जसे बुळबुळीत दिसते, तसा चिकट पारदर्शक गोळा असतो आणि त्यात बारीक ठिपके असतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत, थंडीत दोन-तीन आठवड्यांत त्यातून पिल्ले बाहेर येतात. पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढेही नसते. कधी दुकानातल्या माशांच्या पिशवीतील पाण्यातून येतात, तर कधी दुसऱ्याच्या पेटीतली खडी किंवा जाळी आणली की तिच्याबरोबर.

आपल्याकडच्या पेट्यांत मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. त्या ओळखता आल्या की उपाय सोपा होतो.

पहिली तांदळाच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढी, पातळ कवचाची, एका बाजूला टोक असलेली. ही भराभर पळते आणि काचेवर दिसते.

दुसरी चकलीसारखी चपटी गुंडाळलेली. रंग तपकिरी, कधी लालसर.

या दोन्हींत नर-मादी असा भेद नसतो. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि जोडीदार नसला तरी एकटीसुद्धा वंश वाढवू शकते. म्हणून “एकच तर आहे, राहू द्या” हे चालत नाही.

तिसरी लांबट, निमुळती, स्क्रूसारखी पीळ असलेली. ही दिवसा खडीत दडते आणि रात्री बाहेर येते. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लेच घालते. तिच्यातही एकट्या मादीचे भागते. रात्री दिवा घालवून तासाभराने बॅटरी मारून बघा, म्हणजे खरी संख्या कळेल.

वाढतात कशाने?

आता मुद्द्याचे बोलू. मी त्या घरी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा औषधाचे नाव काढले नाही. वहीपेन्सिल घेऊन ओसरीवर बसलो आणि विचारले, “माशांना खायला कोण घालतं?”

मुलगी म्हणाली, “मी. सकाळ-संध्याकाळ.”

धाकटा भाऊ म्हणाला, “मी बी घालतो. बिस्कीट.”

आतून आजींचा आवाज आला, “माझ्या देवपूजेनंतर चार शितं टाकते बाबा. मुकी जित्राबं ती.”

दादा हसले आणि कबूल झाले, की रात्री जेवण झाल्यावर पोळीचा तुकडा तेही टाकतात. ताईंनी सांगितले, की कोणी पाहुणा आला की त्याच्याही हातात डबी देतात, मासे वर येतात ते बघायला मजा वाटते म्हणून.

पाच हात खायला घालणारे आणि खाणारी तोंडे दहा-बारा, तीही बोटभर लांबीची! माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे, असे ढोबळ मानतात. त्याने खाऊन उरलेले सगळे तळाला जाते आणि तिथे गोगलगायींची पंगत बसते. बांधावर कचरा आणि ओल राहिली की शंखी गोगलगाय वाढते, तसेच इथे शितांनी, बिस्किटांनी आणि सडक्या पानांनी पाण्यातली गोगलगाय वाढते. आपल्या मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातला चुना शंख घडवायला उपयोगी पडतो, म्हणजे तेही तिच्या पथ्यावर.

म्हणून मी सांगतो, पेटीत गोगलगायी किती आहेत यावरून घरात किती अन्न वाया जाते हे कळते. औषधाने त्या उद्या मारल्या तरी खाणे तसेच राहिले, तर दोन महिन्यांनी पुन्हा तितक्याच होतील. एखादी जरी चुकून राहिली, एखादे अंडे जरी राहिले, तरी पुरे.

उपाय, क्रमाने

एक. घास आवरा. घरात खायला घालणारा हात एकच ठेवा. त्या घरी आम्ही हे काम मुलीकडे दिले आणि दिनदर्शिकेवर रोज खूण करायला सांगितली. खूण दिसली की दुसऱ्याने डबीला हात लावायचा नाही. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढेच दाणे घाला, दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा. भात, पोळी, बिस्कीट बंद. तगड्या मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस काहीच नाही मिळाले तरी चालते. आजींना हे पटेना. मी म्हटले, “आजी, तुम्ही धरता ना एकादशी? त्यांनाही धरू द्या.” मग पटले.

दोन. सापळा लावा. पालकाचे किंवा कोबीचे पान उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, गार करा आणि रात्री दिवा बंद केल्यावर दोऱ्याने दगडाला बांधून तळाशी सोडा. काकडीची चकतीही चालते. सकाळी ते पान हळूच उचला, खाली-वर चिकटलेल्या गोगलगायी त्याच्याबरोबर बाहेर येतात. बांधावरच्या गोणपाटाचीच ही युक्ती आहे. पहिल्या सकाळी त्या पोरीने वाटीभर काढल्या. आठवड्यातून तीन रात्री हे करा, पण पान पाण्यात सडू देऊ नका. आणि हो, पान घरच्या परड्यातले, फवारणी न केलेले हवे. आपल्या पुष्कळ कीटकनाशकांचा अंशसुद्धा माशांना मारतो. फवारणी करून आलेला हातही साबणाने धुतल्याशिवाय पेटीत घालू नये.

तीन. अंडी पुसा. आठवड्यातून एकदा काचेच्या आतल्या बाजूला आणि पानांच्या मागे बुळबुळीत गोळे शोधा. काचेवरचे जुन्या कापडाने पुसून काढा आणि पान फार भरले असेल तर तोडून टाका. एका गोळ्यात दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त पिल्ले असतात. या एका कामाने सगळ्यात जास्त श्रम वाचतात.

चार. तळ साफ करा. गवंडी पाणसळ बघायला जो पारदर्शक पाईप वापरतात, त्याचा चार-पाच फुटांचा तुकडा घ्या. पाण्याने भरून, एक टोक पेटीत आणि दुसरे खाली बादलीत सोडले की पाणी आपोआप वाहू लागते. तळच्या खडीवरून टोक फिरवा. घाण आणि खडीतल्या बारीक गोगलगायी ओढून निघतील. आठवड्याला पेटीतले चौथाई पाणी असे काढा आणि तेवढेच नवे भरा. नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर टाकलेली असेल तर ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरा. सगळे पाणी एकदम बदलू नका. खडीवर उपयोगी जिवाणूंचा थर बसलेला असतो. जमिनीतले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तेच काम ते पेटीत करतात. तो थर धुऊन टाकला तर मासे आजारी पडतात.

पाच. नवे पाणगवत थेट पेटीत टाकू नका. आधी वाहत्या पाण्याखाली पान अन् पान चोळून धुवा. विहिरीत टाकतो त्या पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवा आणि पुन्हा स्वच्छ धुवा. अंड्यांवर याचा पूर्ण भरवसा नाही, म्हणून ते गवत तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत उजेडात ठेवा. पिल्ले दिसली तर वेचा, नाही दिसली की पेटीत घाला. नवे जनावर गोठ्यात घेण्याआधी आपण चार दिवस वेगळे बांधतो, तसेच हे.

गोगलगाय खाणारा मासा आणावा का?

दुकानदार हा उपाय हमखास सांगतो. गोगलगायी खाणारे मासे आहेत, हे खरे. त्यातला एक तर आपल्या सह्याद्रीतलाच. अंगावर पट्टे असलेला हा लहान मासा झेब्रा लोच म्हणून विकला जातो. शास्त्रात त्याचे नाव बोटिया स्ट्रायाटा. कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत तो सापडतो. पण धोक्यात आलेल्या जातींत त्याची गणना होते. तो एकटा राहत नाही. पाच-सहांच्या घोळक्यात आणि मोठ्या पेटीतच तो सुखाने जगतो. दोन फुटांच्या पेटीत गोगलगायी कमी करायला तो आणणे म्हणजे उंदीर मारायला वाघ आणण्यासारखे. नदीवर जाऊन तो पकडून आणण्याचा विचार तर मनातही आणू नका. आणि पेटीत आणखी एक मासा आला, की खाण्याचा डबा आणखी उघडतो. मूळ रोग तिथेच राहतो.

काढलेल्या गोगलगायी कुठे टाकाव्यात?

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण इथे प्रश्न पेटीपुरता राहत नाही.

सोयाबीन खाणारी ती मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या एका इंग्रज अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या चौरंगी भागातल्या बागेतून ती पसरली. शौकाने आणलेला जीव बागेबाहेर गेला, त्याचे फळ पावणेदोनशे वर्षांनी आपल्या सोयाबीनच्या वावरात दिसले. म्हणून पेटीतले काहीही, गोगलगाय असो, पाणगवत असो की नको झालेला मासा असो, ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात किंवा कालव्यात टाकू नका.

दुसरे कारण जनावरांचे. गाई-म्हशींच्या काळजात चपटे कृमी होतात. जनावर खंगत जाते, दूध आटते आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. या कृमींची अंडी शेणातून पाण्यात पडतात. पण ती थेट दुसऱ्या जनावरात जात नाहीत. मध्ये त्यांना पाण्यातल्या ठराविक जातीच्या गोगलगायीच्या अंगात वाढावे लागते. तिथून बाहेर पडून ती काठच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात. चकलीसारखी चपटी गोगलगाय आपल्याकडे आणखी काही कृमींना असाच आसरा देते. त्यातल्या एकाने जनावराच्या नाकात गाठी होऊन ते घोरल्यासारखे श्वास घेते. तुमच्या पेटीतली गोगलगाय रोगट आहे, असे मी म्हणत नाही. पेटीत शेण पडत नाही, तोवर हे चक्र फिरतच नाही. पण जनावरे पाणी पितात त्या हौदाजवळ किंवा ओढ्याकाठी तिची भर घालण्यात शहाणपण नाही. तलावातून पाणगवत आणले, तर हात साबणाने धुवावेत, एवढी काळजीही पुरे.

मग करावे काय? काढलेल्या गोगलगायी मिठाच्या कडक पाण्याच्या डब्यात टाका आणि मेल्यावर दूर खड्ड्यात पुरा. डब्याचे खारट पाणी झाडांना घालू नका. पेटीतून काढलेले गढूळ पाणी मात्र खुशाल फडक्यातून गाळून परसातल्या झाडांना घाला. त्यात नत्र असते आणि मिरची-वांग्याला ते मानवते.

आता ज्यांच्या घरात माळकरी माणसे आहेत, त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे. त्या घरच्या आजींच्या गळ्यातही तुळशीची माळ होती. डबा बघून त्या म्हणाल्या, “पोरीच्या हातून हत्या नको करवू बाबा.” त्यांचे चुकत नव्हते. मी म्हटले, “आजी, तुम्ही फक्त शितं टाकायची थांबवा. खायला नसलं तर त्या अंडीच कमी घालतात. जन्मल्याच नाहीत तर मारायचं कोणी?” आजींनी थोडा विचार केला आणि मान हलवली. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसापासून त्यांनी शीत टाकले नाही. माशांची कणव होती म्हणून त्या घास टाकत होत्या, आणि कणव होती म्हणूनच त्यांनी तो थांबवला.

सगळ्या मारायच्या का?

नाही. चार-पाच गोगलगायी राहिल्या तर बिघडत नाही. काचेवरचे शेवाळे, सडके पान आणि चुकून उरलेला दाणा त्या खातात. स्क्रूसारखी गोगलगाय रात्रभर खडी खालीवर करते, आपल्या वावरातल्या गांडुळासारखी. निरोगी पानाला त्या सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून “एकही नको” असा हट्ट धरला, की माणूस पुन्हा औषधाकडे वळतो. किडीच्या बाबतीत आम्ही शेतातही हेच सांगतो, की नुकसानीच्या पातळीखाली कीड असेल तर फवारा मारू नका.

आणखी एक सांगतो. तळाशी दडणाऱ्या या स्क्रूसारख्या गोगलगायी भरदिवसा घोळक्याने काचेवरून वर चढताना दिसल्या, तर आधी पाण्याकडे बघा. मासाही वर तोंड करून श्वास घेत असेल तर पाणी बिघडले आहे. चौथाई पाणी बदला आणि दोन दिवस खाणे बंद ठेवा.

त्या पेटीचे पुढे काय झाले?

मोरचुदाचे पाणी आम्ही दूर खड्ड्यात ओतले. खडी टाकून दिली. पेटी अनेकदा धुऊन उन्हात वाळवली. नवी खडी धुऊन घातली आणि बोअरचे पाणी भरले. दुसऱ्या एका घरच्या निरोगी पेटीतली ओंजळभर खडी विरजण म्हणून आणली, कारण उपयोगी जिवाणू तयार व्हायला एरवी चार-सहा आठवडे लागतात. आधी फक्त तीन गप्पी सोडले. महिनाभराने बाकीचे.

विरजणाच्या खडीबरोबर गोगलगायी पुन्हा आल्याच. मला वाटले, पोर रडेल. पण तिने वही काढली. किती दिसल्या, कधी पान लावले, किती निघाल्या, सगळे लिहू लागली. पहिले तीन आठवडे संख्या वाढली. मग थांबली. दोन महिन्यांनी मी गेलो तेव्हा रात्रीच्या पानाला सहा-सातच चिकटत होत्या. मासे मात्र वाढले होते, गप्पींना पिल्ले झाली होती.

दादा म्हणाले, “साहेब, औषध तर काहीच टाकलं नाही की!”

मी म्हटले, “टाकायचं थांबवलं, तेच औषध.”

ती पोर आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला आणि वही उघडून दाखवली. त्या दिवशी मला बरे वाटले.

तर बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी पेटी असेल तर आज संध्याकाळी एवढेच करा. घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि विचारा, माशांना खायला कोण कोण घालते? जितके हात वर होतील, तितकेच तुमच्या गोगलगायींचे मूळ. एक हात ठेवा, बाकीचे खाली घ्या. मोरचुदाची पिशवी डाळिंबाच्या बागेतच राहू द्या. आणि कोणी अधिकारी चहाचा कप हातात धरून “चिमूटभर टाका” म्हणाला, तर त्याला आधी विचारा, “साहेब, किती पाण्यात, किती ग्रॅम?” तो साहेब मी असलो, तरीसुद्धा.